एमएस आहे, चालायला गेलं की १५ मिनिटांत डोळा धूसर होतो आणि पाय घासतो, चालणं बंद करू का?

रानजाई, नागपूर

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

वय ३६, शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी डाव्या डोळ्यासमोर मळका काच धरल्यासारखं दिसायला लागलं, डोळा फिरवला की आत दुखायचं. आधी चष्म्याचा नंबर, मग डोळ्याचे डॉक्टर, मग एमआरआय, मग पाठीतलं पाणी काढून तपासणी, आणि शेवटी मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) निघालं, रिलॅप्सिंग-रेमिटिंग, म्हणजे अटॅक येतो आणि मग बरंचसं ओसरतं तो प्रकार. पाच दिवस स्टेरॉइडचं सलाईन झालं, दिसणं जवळजवळ पहिल्यासारखं झालं. मग १० महिन्यांपूर्वी दुसरा अटॅक, डावा पाय मांडीपासून खाली बधिर. तोही बराच सुधारला पण पूर्ण नाही. औषध नियमित चालू आहे.

आता मुद्दा. आजार कळल्यापासून घरात मला कोणी काही करूच देत नाही. सासूबाई जीव लावतात, खोटं कशाला बोलू, पण मी भांडं उचललं की "ठेव ते, तू बस" म्हणतात. नवरा शाळेच्या दारापर्यंत गाडीवर सोडतो, दारातूनच आणतो. परिणाम असा की दोन वर्षांत ९ किलो वजन वाढलं आणि शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मला धाप लागते. न्यूरोच्या डॉक्टरांनी सांगितलं "ॲक्टिव्ह राहा". बस, एवढंच. बाहेर ४० पेशंट बसलेले, कसं राहू ते विचारायला तोंड उघडेपर्यंत पुढच्याचं नाव पुकारलं.

म्हणून फेब्रुवारीत मीच ठरवलं आणि फुटाळा तलावावर संध्याकाळी चालायला जाऊन राहिले. पहिली १२-१५ मिनिटं मस्त. मग डावा डोळा परत धूसर होतो, लाल रंग फिका, विटकरी दिसतो, आणि डाव्या पायाचा अंगठा रस्त्याला घासायला लागतो. दोनदा चप्पल पायातून निघून मागे राहिली आणि मला कळलंच नाही, मागून येणाऱ्या काकांनी सांगितलं. बाकावर २०-२५ मिनिटं बसले की सगळं परत ठीक होतं. पण त्या २० मिनिटांत माझी जी हालत होते ती कोणाला सांगू. प्रत्येक वेळी वाटतं की आज एक नस मी माझ्या हाताने जाळली.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणे बंद कर आजपासून. आई अमरावतीहून फोनवर सांगते प्राणायाम कर, सगळं मुळापासून जाईल. आता एप्रिल लागला, पारा ४२ वर गेला आणि आता तर १० मिनिटांतच होऊन राहिलं. हे चालण्यामुळे आजार वाढतोय का? अजून एक अटॅक येईल का मी असंच चालू ठेवलं तर? ज्यांना स्वतःला एमएस आहे त्यांनी प्लीज सांगा, मला खरंच कळत नाहीये.

सिंहगडरोडकर

ताई, बंद करू नका. पण आत्ता चालता तसंही चालू नका.

मला २००९ मध्ये निदान झालं, आज वय ५१, पुण्यात असतो, बाहेर काठी लागते, घरात नाही. तुम्ही जे लिहिलंय ते वाचताना मला माझी २०१० ची दिवाळी आठवली. नरकचतुर्दशी, आईने तेल लावून दिलं, बंबातलं कडकडीत पाणी, मी मस्त दोन बादल्या अंगावर घेतल्या आणि पाटावरून उठायला गेलो तर उठताच येईना. पाय कणकेच्या गोळ्यासारखे. दोन्ही डोळ्यांनी अंधुक. आई बाहेरून कारीट फोडायला हाका मारतेय आणि मी आत दार धरून बसलोय. वाटलं झालं, संपलं. पंख्याखाली अर्धा तास पडलो आणि चालत फराळाला गेलो.

ह्या प्रकाराला नाव आहे, उथऑफ. विल्हेल्म उथऑफ नावाचे जर्मन डोळ्यांचे डॉक्टर होते, त्यांनी १८९० मध्ये लिहून ठेवलं की एमएसच्या पेशंटला श्रम केले की थोडा वेळ दिसायला कमी होतं. त्यांना वाटलं श्रमामुळे, नंतर कळलं की खरं कारण अंगातली उष्णता. नसेवरचं मायलीन म्हणजे वायरवरचं रबर समजा. तुमचा डोळ्याच्या नसेवरचा रबर एकदा खरवडला गेला, नंतर थोडा भरला, पण पहिल्यासारखा जाड नाही. अशी नस गार असताना करंट कसाबसा पोचवते, अंग अर्धा अंश जरी तापलं तरी करंट मधेच अडकतो. अंग निवलं की परत चालू. म्हणजे नस जळत नाहीये ताई, ती तेवढ्यापुरती बंद पडतेय. एमआरआय यायच्या आधीच्या काळात डॉक्टर पेशंटला मुद्दाम गरम पाण्याच्या टबात बसवायचे, लक्षणं वर आली की एमएसचा संशय पक्का. माझी दिवाळीची अंघोळ म्हणजे तीच टेस्ट झाली.

आता माझी चूक सांगतो कारण ती तुमच्या घरात होतेय. मला त्या वेळी एका जुन्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की श्रम करू नका, दमू नका. आणि मी ते दोन वर्षं इमानदारीने पाळलं. ऑफिस, सोफा, पलंग. त्या दोन वर्षांत एकही अटॅक आला नाही, एमआरआयवर नवीन डाग नाही, आणि तरी माझी चाल बिघडली. पोटऱ्या बारीक झाल्या, गुडघा मागे जायला लागला, जिना उतरताना कठडा लागायला लागला. पहिल्या फिजिओ बाईंनी तपासून सरळ सांगितलं, यातलं निम्मं एमएसने नेलेलं नाही, बसून राहिल्याने गेलंय, आणि ते परत आणता येतं. त्यांचे शब्द अजून कानात आहेत. निम्मं नाही आलं पण बरंच आलं. २०१४ ला पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढलो, मधे सहा वेळा बसून, पण चढलो.

आता मी काय करतो ते. सकाळी सहाला, संध्याकाळी कधीच नाही, कारण दिवसभर तापलेला रस्ता आणि दिवसभर दमलेलं शरीर दोन्ही एकत्र नकोत. निघायच्या आधी फ्रीजमधलं ग्लासभर पाणी पितो. मानेवर ओला पंचा. चार मिनिटं चालतो, दोन मिनिटं बसतो, डोळा बिघडायच्या आधी बसतो, हे महत्त्वाचं. तुम्ही बिघडेपर्यंत चालता आणि मग बसता. ते उलटं करा. तुमचा काटा १२ मिनिटांवर आहे ना, मग पाचव्या मिनिटाला बसा, बरं वाटत असलं तरी बसा. मग बघा एकूण किती चालणं होतं.

आणि ती चप्पल आजच बदला. मागे पट्टा असलेली सँडल नाहीतर बूट. माझ्या दोन पडण्यांपैकी दोन्ही सपातांनी केल्यात.

फिजिओ मैत्रीण, ठाणे

रानजाई, मी न्यूरो फिजिओ आहे, १२ वर्षं हेच काम करतेय, त्यामुळे थोडं धंद्याच्या भाषेत लिहीन पण समजेल असं. तुला न तपासता मी तुझा व्यायाम ठरवू शकत नाही, पण तू काय विचारायला पाहिजेस आणि काय पाहायला पाहिजे हे सांगू शकते.

वर दादांनी उष्णतेचं सांगितलं ते अगदी बरोबर. व्यायामाने एमएस वाढतो ही जुनी समजूत, आमच्या सीनियर लोकांनाही कॉलेजात तसंच शिकवलेलं. ती मोडायला सुरुवात झाली १९९६ मध्ये, अमेरिकेत युटाला पेटाजन आणि सहकाऱ्यांनी ५४ एमएस पेशंट घेतले, त्यातल्या निम्म्यांच्या आसपास लोकांना १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटं हातापायांची सायकल चालवायला लावली. त्यांचा दम वाढला, हातापायांची ताकद वाढली. नंतरच्या अभ्यासांतही व्यायामामुळे अटॅक जास्त येतात असं दिसलेलं नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल एमएस सोसायटीने तर डॉक्टरांसाठी शिफारसच काढली की निदान झालं त्या दिवसापासून व्यायामाबद्दल बोला, आणि हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जा, ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे. त्यात घरकाम, बागकाम, बाजारात जाणं हेही धरलंय. म्हणजे सासूबाईंनी हातातून काढून घेतलेलं भांडंसुद्धा ह्या हिशोबात येतं गं! १५० आकडा बघून घाबरू नकोस, तुझी आजची सुरुवात दिवसाला १० मिनिटांची असेल तर ती १० मिनिटंच.

आता तुझ्या पायाबद्दल. अंगठा घासतो, चप्पल निसटते, याला आम्ही फूट ड्रॉप म्हणतो, पाऊल वर उचलणारा नडगीच्या पुढचा स्नायू लवकर दमतो. ते फक्त दमल्यावर होतंय म्हणजे अजून हातात आहे. नुसतं चालून तो स्नायू वाढत नाही, त्याला वेगळं काम द्यावं लागतं. खुर्चीत बसून टाच जमिनीवर ठेवून चवडा वर, १० वेळा, थांब, परत १०. ओट्याला धरून दोन्ही टाचा उचल, सावकाश खाली. आणि माझा सगळ्यात लाडका व्यायाम म्हणजे खुर्चीतून हात न लावता उठणं आणि बसणं, बसताना धपकन नाही, तीन आकडे मोजत. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेव म्हणजे उंची वाढेल, जमलं की उशी काढ. आठवड्यातून दोनदा, मधे एक दिवस तरी सोडून. ताकदीच्या ह्या व्यायामात सेटच्या मधे थांबता येतं त्यामुळे अंग चालण्याइतकं तापत नाही, नागपूरच्या मेमध्ये कूलरसमोर बसून होतो. मे महिना चालणं निम्मं कर आणि हे वाढव.

तोल सांभाळायचा सराव घराच्या कोपऱ्यात उभं राहून कर, मागे दोन भिंती, समोर खुर्ची. पाय जुळवून उभं राहणं, मग एक पाय थोडा पुढे. डोळे मिटून करायचं असेल तर एकटीने नको, घरात कोणीतरी जवळ पाहिजे, कारण पाय बधिर असला की शरीर डोळ्यांवर तोल धरतं आणि डोळे मिटले की आधार जातो. तोंड धुताना बेसिनशी डोळे मिटल्यावर डुलतेस का? बहुतेकांना होतं, म्हणून विचारलं.

किती केलं तर जास्त, हे कसं ओळखायचं? व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता नाही आलं तरी चालेल. संपल्यावर जे काही बिघडलं ते तास-दोन तासांत जागेवर आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी उठतानाच अंग गळालेलं असेल तर काल जास्त झालं, पुढच्या वेळी तिसरा हिस्सा कमी कर, बंद नको करू.

अजून एक गोष्ट जी बायका स्वतःहून सांगत नाहीत. चालायला जायचं म्हणून पाणी पिणं कमी करतेस का? लघवीची घाई होते, बाहेर सोय नसते, म्हणून माझ्या निम्म्या पेशंट बायका सकाळपासून घोटभर पाण्यावर असतात. त्याने बद्धकोष्ठ, लघवीचं इन्फेक्शन, आणि इन्फेक्शन झालं की ताप आणि ताप आला की सगळी जुनी लक्षणं वर. पाणी पी, निघण्याआधी जाऊन ये, आणि जिथे बाथरूम आहे अशाच वाटेवर फेऱ्या मार. ओटीपोटाच्या तळाचे व्यायामही असतात, फिजिओकडे मोकळेपणाने विचार, आम्हाला त्यात काही वाटत नाही.

तुझ्या आईला सांग की प्राणायाम जरूर करशील, श्वासासाठी, झोपेसाठी, मन शांत राहण्यासाठी चांगलाच आहे. आजार मुळापासून जाईल म्हणून औषध मात्र एक दिवसही सोडू नकोस.

रानजाई, नागपूर

दादा, ताई, मी हे तीनदा वाचलं आणि मग नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. "नस जळत नाहीये" ह्या वाक्यावर तो एकदम गप्प झाला, मग म्हणाला की मी पण तेच समजून घाबरत होतो. दोन महिने आम्ही दोघं एकाच गोष्टीला घाबरत होतो आणि एकमेकांना सांगत नव्हतो.

पाण्याचं कसं ओळखलं ताई? शाळेत मी ११ ते ५ एक ग्लास पण पीत नाही. आणि हो, बेसिनशी डुलते. मला वाटायचं झोपेमुळे.

एक शंका, ओला पंचा नागपूरला ठीक आहे, पण पावसाळ्यात काय?

फिजिओ मैत्रीण, ठाणे

बरोबर शंका काढलीस. ओलं फडकं गार करतं ते त्यातलं पाणी वाळताना. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पटकन वाळतं म्हणून कूलर आणि ओला दुपट्टा दोन्ही छान काम करतात. आमच्या ठाण्या-मुंबईत हवाच ओली, घाम वाळत नाही तर फडकं काय वाळणार, ते नुसतं चिकट होऊन बसतं. इथे मी पेशंटना बर्फाची पिशवी रुमालात गुंडाळून मानेला लावायला सांगते, किंवा निघण्याआधी हात कोपरापर्यंत गार पाण्यात १० मिनिटं. जिथला पाय बधिर आहे तिथे मात्र बर्फ थेट लावू नकोस, कातडी भाजल्यासारखी झाली तरी कळणार नाही. तुला जुलैत हेच करावं लागेल.

बाबांची लेक, चिपळूण

मी स्वतः पेशंट नाही, माझ्या बाबांना एमएस आहे, प्रायमरी प्रोग्रेसिव्ह, म्हणजे सुरुवातीपासून हळूहळू वाढत जाणारा प्रकार, गेली आठ वर्षं व्हीलचेअरवर. इथे सगळे चालण्याबद्दल बोलतायत म्हणून लिहू की नको असं झालं होतं, पण कोणीतरी वाचत असेल ज्याला चालता येत नाही, त्याच्यासाठी लिहिते.

बाबांचं पाऊल उचलणं संपलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी धरून चाललं की आता व्यायाम वगैरे संपलं. वर्षभर नुसते बसून. मग पोटऱ्या इतक्या आखडल्या की पाय फूटरेस्टवर सपाट राहीनात, रात्री पाय आपोआप पोटाशी ओढले जायचे आणि बाबा ओरडायचे. बॅक्लोफेन ही स्नायू सैल करणारी गोळी सुरू झाली, तिने फरक पडला, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गोळीसोबत रोज ताणणं पाहिजेच. आता रोज सकाळी मी नाहीतर भाऊ त्यांच्या पावलाला टाचेकडून धरून सावकाश वर ढकलतो, मिनिटभर धरून ठेवतो, झटका द्यायचा नाही, झटका दिला की पाय अजून घट्ट होतो. मग दोन्ही बाजूंनी आधार देऊन लोखंडी पलंगाच्या दांड्याला धरून उभं करायचं, आधी ३० सेकंद सुद्धा नव्हते होत, आता चार मिनिटं उभे राहतात. चार मिनिटं म्हणजे काय हे आमच्या घरात विचारा. संडासच्या खुर्चीवर बदलताना एक माणूस पुरतो, पूर्वी दोन लागायचे. आईची कंबर वाचली.

बाकी हाताचे व्यायाम ते टीव्हीसमोर करतात, दोन बाटल्यांत पाणी भरून. आणि दर अर्ध्या तासाने दोन्ही हातांवर जोर देऊन बूड खुर्चीवरून उचलायचं, ते जखम होऊ नये म्हणून. नारळ सोलणं आता जमत नाही पण फणसाचे गरे काढायला बसतात, हाताला तेल लावून, दोन तास. फिजिओने सांगितलं हा पण व्यायामच, बोटांचा.

एक कामाची माहिती, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्वतंत्र लिहिलेलं आहे, त्यामुळे अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त भरलं तर सवलती मिळतात, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून ठेवा. आणि मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया म्हणून संस्था १९८५ पासून आहे, मुंबई-पुण्यात शाखा आहेत, आम्हाला त्यांच्यामुळे पहिल्यांदा कळलं की असे आपण एकटेच नाही.

सोलापुरी

सगळं बरोबर आहे पण मी दुसरी बाजू सांगतो, कारण माझं ह्याच ज्ञानामुळे नुकसान झालं.

वय २९. मला पण उथऑफ माहीत होतं. सोलापूरचं ऊन, डोळा धूसर झाला की मी म्हणायचो गरमी आहे, जाईल. आणि जायचंही. मग गेल्या ऑक्टोबरमध्ये जिममध्ये उजवा हात जड पडला, म्हटलं गरमी. घरी येऊन गार पाण्याने अंघोळ केली, एसीत बसलो, रात्रभर तसाच. दुसऱ्या दिवशी तसाच. चार दिवस मी स्वतःला गरमी गरमी म्हणत घालवले, पाचव्या दिवशी पेन धरता येईना तेव्हा डॉक्टरकडे गेलो. नवीन अटॅक होता. डॉक्टर रागावले नाहीत पण म्हणाले, निवल्यावर गेलं तर उष्णता, नवीन काहीतरी २४ तासांच्या वर टिकलं तर मला फोन, मग ताप आहे का, लघवीचं इन्फेक्शन आहे का ते आपण बघू, तू घरी बसून ठरवायचं नाही. अटॅक चालू असताना आणि स्टेरॉइड चालू असताना जिम बंद, नंतर खालून परत सुरू.

दुसरं, जिमच्या ट्रेनरला आधी सांगा. मी लाजेने सांगितलं नव्हतं. तो बिचारा "अजून दोन, अजून दोन" करत राहिला, त्याला काय माहीत. आता सांगितलंय, तर तोच फॅनखालची जागा माझ्यासाठी धरून ठेवतो, आणि वजन खाली ठेवताना जवळ उभा राहतो.

ताई तुम्ही चाला, नक्की चाला, फक्त ही २४ तासांची गोष्ट फ्रीजवर लिहून चिकटवा, घरातल्या सगळ्यांना दिसेल अशी.

कोथरूडची, सध्या टोरांटो

सोलापुरी यांना दुजोरा. मी १६ वर्षं एमएससोबत आहे, ५ वर्षांपूर्वी इथे आले आणि वाटलं चला, गरमीचा त्रास मिटला. पहिल्याच हिवाळ्यात कळलं की थंडीचं वेगळं दुखणं आहे, उणे १५ मध्ये बाहेर पडले की पाय लाकडासारखे ताठ, गुडघा वाकत नाही. म्हणजे थंडीत डोळा छान आणि पाय वाईट, गरमीत उलटं. त्यामुळे "गार म्हणजे चांगलं" असं सरसकट नको, पोटरी आधी घरात ताणून, लोकरीचे मोजे घालून मग बाहेर.

मी इथे पोहते. जमत असेल आणि जवळ तलाव असेल तर पाण्यातला व्यायाम फार चांगला, पडायची भीती नाही आणि पाणी अंगातली उष्णता काढून घेतं. फक्त पाणी साधारण २७ ते २९ अंशाचं हवं. सांधेदुखीवाल्यांसाठी गरम केलेले पूल असतात त्यात एमएसवाल्यांनी जाऊ नये, मी एकदा गेले आणि मला लोकांनी धरून बाहेर काढलं. पोहताना कोणालातरी सांगून ठेवा आणि तलावाभोवतीची ओली फरशी जपून, पाण्यापेक्षा तीच पाडते.

सिंहगडरोडकर

सोलापुरी, बरं झालं लिहिलंत. मी पहिल्या उत्तरात हे लिहायला पाहिजे होतं, राहून गेलं.

रानजाई ताई, एक वही करा. तारीख, किती वाजता, किती मिनिटं, मधे किती वेळा बसले, डोळा कधी, पाय कधी, किती वेळात ठीक. एका ओळीत. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर ती वही उघडून ठेवा. मी वही न्यायला लागल्यापासून त्याच चार मिनिटांत निम्मं जास्त बोलणं होतं.

रानजाई, नागपूर

साडेपाच आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांना कळवायचं होतं.

पहाटे साडेपाचला जाते, नवरा सोबत येतो. पाच मिनिटं चालणं, दोन मिनिटं बसणं, मानेला ओला दुपट्टा. पहिले चार दिवस बरं वाटत असताना बसायला फार जड गेलं, लोक बघतात असं वाटायचं. पण एकूण चालणं २० मिनिटांवर गेलंय आणि ह्या सगळ्या दिवसांत डोळा फक्त तीनदा धूसर झाला, त्यातलं एकदा मी घाई करून दोन फेऱ्या सलग मारल्या होत्या. मेच्या तिसऱ्या आठवड्यात पारा ४५ वर गेला तेव्हा चालणं पूर्ण बंद ठेवून कूलरसमोर खुर्चीचेच व्यायाम केले. उशी १२ व्या दिवशी काढली. शाळेत पाण्याची बाटली टेबलावर ठेवायला लागले, मुलांना पण सांगितलं की बाईंनी तीन वेळा पाणी प्यायलं नाही तर आठवण करायची, ते इतक्या जोरात आठवण करतात की बाजूच्या वर्गापर्यंत जातं.

सासूबाईंशी बोलले. सोपं नव्हतं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाल्या मला वाटलं मी तुझे पाय राखून ठेवतेय. मग मी त्यांना खुर्चीतून उठण्याचा व्यायाम दाखवला, त्यांचेही गुडघे दुखतात, तर आता संध्याकाळी दोघी समोरासमोर खुर्च्या टाकून करतो आणि त्या मोठ्याने मोजतात. पोळ्या मी करते, उंच स्टूलवर बसून, गॅसजवळ टेबलफॅन आडवा लावून म्हणजे आच विझत नाही.

वाईट पण सांगते. मागच्या सोमवारी शाळेच्या जिन्यात शेवटून दुसऱ्या पायरीवर अडखळले, पडले नाही, कठडा हातात होता. दमलेली नव्हते, सकाळची वेळ होती, अंगही तापलेलं नव्हतं. पाय दमल्याशिवाय घासला असं पहिल्यांदाच झालं. वहीत लिहिलंय. दुसऱ्या दिवशी पण जिना चढताना थोडं तसंच वाटलं. फिजिओ ताई, हे आधीचंच फूट ड्रॉप धरायचं की २४ तासांवालं?

फिजिओ मैत्रीण, ठाणे

न दमता, न तापता, आणि दुसऱ्या दिवशीही. मी इथून ठरवणार नाही आणि तूही ठरवू नकोस. आज शुक्रवार आहे, उद्याची वाट बघू नको, आत्ता न्यूरोच्या ओपीडीत फोन कर आणि वहीतली तारीख वाचून दाखव. लघवीला जळजळ किंवा बारीक ताप आहे का तेही बघून सांग. काही नाही निघालं तर पावलाला हलकी पट्टी किंवा एएफओ (घोटा-पाऊल धरून ठेवणारा आधार) लागेल का ते तपासून घेऊ, ती लागली म्हणजे पाय गेला असं नसतं, ती घालून लोक जास्त चालतात. तोपर्यंत जिना कठडा धरून, मुलं आणि वह्या दोन्ही हातात नको. खुर्चीचे व्यायाम चालू राहू देत, वाढवू नकोस.

फोन झाला की इथे लिही.

रानजाई, नागपूर

केला फोन. उद्या ११ ची वेळ दिली. नवरा येतोय, वही बॅगेत टाकली.